पुस्तकातली कवटी आणि हातातली कवटी

शरीररचनेच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात कवटीचे प्रकरण उघडले की एकच कवटी भेटते. ती समोरून, बाजूने, मागून, खालून आणि कापून आतून दाखवलेली असते. तिच्या शिवणी रेखीव असतात, छिद्रे नेमक्या जागी असतात आणि डावी बाजू उजवीसारखीच असते. विद्यार्थी त्या चित्राला बाण काढून नावे देतो, परीक्षेत तेच चित्र काढतो आणि पुढे वॉर्डात किंवा दाताच्या दवाखान्यातल्या खुर्चीपाशी उभा राहतो, तेव्हा समोरच्या माणसाचे डोके त्या चित्राशी जुळत नाही म्हणून गोंधळतो. हे पुस्तक त्या गोंधळापासून सुरू होते आणि माझ्या मते ते योग्य जागी सुरू झाले आहे. कवटीवरच्या खुणांचे ज्ञान जिथे जिथे पुढे गेले, तिथे कुणीतरी एकीऐवजी अनेक कवट्या पाहिल्या होत्या आणि त्यांच्यातला फरक नोंदवून ठेवला होता. जिथे ते घसरले, आणि काही वेळा फार वाईट घसरले, तिथे कुणीतरी तो फरक पुसून एक नमुना उभा केला होता आणि त्याच्या मापाने माणसे तोलली होती. विधान मोठे आहे. ते पुराव्यानेच पटायला हवे, म्हणून आधी या विषयाचा आवाका सांगतो.

मोठ्या माणसाच्या कवटीत २२ हाडे असतात. मेंदूभोवती ८: कपाळाचे एक, माथ्याच्या दोन बाजूंची दोन पार्श्विकास्थी, कानशिलांची दोन शंखास्थी, मागचे पश्चकपाल, आणि तळाशी दडलेली दोन, म्हणजे दोन्हीकडे पंख पसरलेले जतुकास्थी व नाकाच्या छताचे बारीक छिद्रांनी भरलेले झर्झरास्थी. चेहऱ्याची हाडे १४. त्यांतला खालचा जबडा तेवढा हलतो, बाकीची एकमेकांत घट्ट बसलेली असतात. कानांच्या आतली ६ चिमुकली हाडे आणि जिभेच्या मुळाशी असलेले एक हाड मोजले की आकडा २९ वर जातो, तेव्हा आकडा सांगणाऱ्याने आपण काय काय मोजले हेही सांगायला हवे. या हाडांवर शेकडो उंचवटे, खाचा, कडा, छिद्रे आणि सांधे आहेत. त्यांतल्या काहींना खुणेचा मान मिळतो, कारण त्यांच्या आधारे दुसरे काहीतरी सापडते. काही खुणा कातडीवरून बोटाला लागतात: कानामागचा उंचवटा, गालाची कमान, जबड्याचा कोन, डोक्याच्या मागे मधोमध असलेला इनिऑन. काही फक्त कोरड्या हाडावर दिसतात, जसे कपाळाचे हाड दोन्ही पार्श्विकास्थींना भेटते तो ब्रेग्मा. आणि काही तर हाडावरही नसतात, एक्स-रेवर रेघा मारून काढाव्या लागतात. दात सरळ करणारे डॉक्टर रोज वापरतात तो सेला बिंदू असाच, पिट्युटरी ग्रंथीच्या खळगीच्या मध्यावर कल्पिलेला. तिन्ही प्रकारांत खुणेची किंमत एकाच गोष्टीवर ठरते: तिच्या खाली, मागे किंवा पलीकडे काय आहे हे ती किती भरवशाने सांगते.

यासाठी एकच जागा जवळून पाहू. कानशिलाशी कपाळाचे हाड, पार्श्विकास्थी, शंखास्थी आणि जतुकास्थी अशी चार हाडे एकत्र येतात. त्या जागेचे नाव टेरिऑन. गालाच्या कमानीच्या सुमारे ४ सेंटिमीटर वर आणि डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेमागे सुमारे ३ सेंटिमीटर, असे तिचे माप शिकवले जाते. कोरडी कवटी उजेडापुढे धरली तर इथून उजेड आत येतो, इतके हाड पातळ असते. आतून बोट फिरवले तर पिंपळाच्या जाळीदार पानावरच्या शिरांसारखे फाटे फुटलेले चर लागतात. ते मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या मिडल मेनिंजियल धमनीचे. दुचाकीवरून पडलेल्या माणसाला नेमका इथे मार बसला, हाड तडकले आणि धमनी फाटली, की हाड आणि आवरण यांच्या मध्ये रक्त साठू लागते. पुष्कळदा असा माणूस थोडा वेळ शुद्धीवर येतो, बोलतो, घरी जाऊ म्हणतो, आणि काही तासांत कोसळतो. वेळेवर कवटीला भोक पाडून रक्त बाहेर काढले तर तो वाचू शकतो. म्हणून टेरिऑन हे नाव प्रत्येक डॉक्टरला पाठ असते. पण पाठ केलेली जागा आणि खरी जागा यांत अंतर असते. चार हाडे भेटण्याच्या तऱ्हाच अनेक आहेत. बहुतेक कवट्यांत जतुकास्थी आणि पार्श्विकास्थी एकमेकांना भिडतात, काहींत कपाळाचे हाड थेट शंखास्थीला जाऊन टेकते, काहींत मधेच एक सुटे हाड असते. धमनीही दर वेळी हाडांच्या भेटीखालूनच जाते असे नाही, आणि काही कवट्यांत ती काही अंतर हाडाच्या आतूनच बोगदा काढून जाते. टेरिऑन जाणणे म्हणजे एक बिंदू आणि त्याच्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा असे दोन्ही जाणणे.

आपल्याकडे हा भाग जीवघेणा आहे हे फार जुन्या काळी नोंदवले गेले होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी शंख हे मर्म कानशिलाशी येते आणि ते तात्काळ प्राण घेणाऱ्या गटात धरलेले आहे. कवटीच्या सांध्यांनाही सीमंत या नावाने मर्मांत जागा आहे. मृत शरीर वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग थर हळूहळू दूर करत पाहण्याची रीतही त्याच ग्रंथात आहे. यावरून काही जण सुश्रुताला सगळे ठाऊक होते असे म्हणतात, तर काही जण हाडांची संख्या चुकली म्हणून सगळेच मोडीत काढतात. दोन्ही टोके घाईची आहेत. सुश्रुताच्या मते हाडे ३००, चरकाच्या मते ३६०, आज आपण मोठ्या माणसात २०६ मोजतो. या फरकाचा बराच भाग कशाला हाड म्हणायचे यातून येतो, कारण त्या गणनेत दात आणि कूर्चाही आहेत, चरकात नखेसुद्धा. रुडॉल्फ हर्न्ले यांनी १९०७ साली प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा वादाचा कितीतरी भाग मोजण्याच्या रीतीचा निघाला. मला त्या परंपरेतली एक गोष्ट अधिक मोलाची वाटते: शरीराची मापे ज्याच्या त्याच्या अंगुळांत घ्यावीत असा तिचा आग्रह. त्यात माणसागणिक शरीर बदलते हे गृहीत धरलेले आहे.

युरोपात प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनचा शब्द तेराशे वर्षे चालला. त्याला माकडे आणि इतर जनावरे कापून पाहावी लागली, आणि त्याने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला. बगदादचा अब्द अल-लतीफ १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये होता. दुष्काळात मेलेल्या माणसांच्या हाडांचे ढीग तिथे उघड्यावर पडले होते. त्याने दोन हजारांहून जास्त जबडे पाहिले, दुसऱ्यांकडून तपासून घेतले, आणि लिहून ठेवले की जबडा एकच हाड आहे, तिथे सांधा नाही. डोळ्यांची साक्ष गॅलनच्या शब्दाहून खरी. ते लिखाण युरोपच्या वैद्यांपर्यंत पोहोचले नाही. व्हेसालियसने १५४३ साली बाझेलमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात हीच दुरुस्ती स्वतंत्रपणे केली. त्याआधी १४८९ साली लिओनार्दोने कवटी उभी-आडवी कापून जी चित्रे काढली, त्यांत वरच्या जबड्यातली पोकळीही दिसते, पण ती वहीतच राहिली. गॅलनच्या चुकीला एक बाजू आहे, ती क्वचित सांगितली जाते. नवजात बाळाचा जबडा खरोखरच दोन तुकड्यांचा असतो आणि पहिल्या वर्षात हनुवटीशी जुळून एक होतो. वय आणि प्रजाती यांच्या पलीकडे टिकेल असे विधान करायचे तर एका नमुन्यावर भागत नाही, हे अब्द अल-लतीफच्या दोन हजार जबड्यांनी दाखवले.

आज आपण वापरतो त्या बहुतेक खुणांची नावे एकोणिसाव्या शतकातली आहेत, आणि ती ज्या कामासाठी दिली गेली त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. डच शरीरशास्त्रज्ञ कँपरने चेहऱ्याचा कोन मोजण्याची रीत काढली; ती त्याच्या मृत्यूनंतर १७९१ मध्ये छापली गेली. ब्लुमेनबाखने माणसांचे पाच प्रकार मांडले. स्वीडनच्या रेट्झियसने १८४० च्या दशकात डोक्याची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढून लांबडोकी व रुंदडोकी माणसे वेगळी केली. अमेरिकेत मॉर्टनने कवट्यांत आधी बिया, पुढे शिशाचे छरे भरून त्यांचे आकारमान मोजले आणि १८३९ साली ‘क्रेनिया अमेरिकाना’ प्रसिद्ध केले. मोजणी काटेकोर दिसत होती, पण प्रश्नच असा होता की माणसांच्या जमाती एकीखाली एक रचल्या जाव्यात. पॅरिसच्या पॉल ब्रोकाची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे. टेरिऑनसह अनेक बिंदूंना त्याने नावे दिली, कंपास आणि मोजपट्ट्या सुधारल्या, आणि मेंदूच्या वजनावरून स्त्रिया व अनेक मानवसमूह यांना खालचे ठरवण्याचा आटापिटाही केला. त्याच ब्रोकाने १८७१ साली वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या कवटीवर त्याच बिंदूंवरून मापे घेतली, भाषेच्या भागाची जागा काढली, तिथे भोक पाडले, आणि गळू तिथेच निघाले. बिंदू तेच, हात तोच. एका प्रश्नाचे उत्तर त्याच रुग्णाच्या डोक्यात लगेच खरे-खोटे होऊ शकत होते. दुसऱ्याचे उत्तर आधीच ठरलेले होते आणि आकडे त्याला टेकू म्हणून आणले होते.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तपासून पाहणाऱ्यांत महाराष्ट्राचे नाव मोठे आहे, आणि मराठी पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते यायलाच हवे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीच्या मापावरून जातींची उतरंड मांडली. समाजशास्त्रज्ञ जी. एस. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तेच आकडे पुन्हा तपासले आणि उत्तरेच्या एका भागाबाहेर शरीराची मापे आणि सामाजिक पायरी यांचा मेळ बसत नाही हे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरच्या ग्रंथात घुर्ये यांच्याच मापांचा आधार घेऊन अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत ही कल्पना खोडून काढली. आणि इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी गेल्या. मानवी कवटीची डावी-उजवी बाजू किती असमान असते, हा त्यांचा विषय. युरोपीय माणसांच्या कवट्यांत ही असमानता अधिक असेल आणि तिचा संबंध बुद्धीशी लावता येईल, असा मार्गदर्शकांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांत होती. वंशाप्रमाणे ती कमी-जास्त होते असे त्यांना दिसले नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. आपल्या परीक्षकाच्या अपेक्षेविरुद्धचा निष्कर्ष, परक्या देशात, परक्या भाषेत, विशीतल्या बाईने मांडला. पुढे त्यांनी महाराष्ट्रातही जातीजातींची शरीरमापे घेतली, आणि त्या कामाची वेगळी चिकित्सा व्हायला हवी. पण बर्लिनच्या त्या प्रबंधाने एक गोष्ट पक्की केली, जी आज रचनाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवायला हवी: सरळ, समान कवटी हा अपवाद आहे.

त्याआधी अमेरिकेत मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी न्यूयॉर्कमधल्या सुमारे १८ हजार स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली. नव्या देशात जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा थोडा बदलतो असे त्यांनी १९१२ पर्यंत प्रसिद्ध केले. त्या आकड्यांची अलीकडे फेरतपासणी होऊन बदल किती मोठा मानावा यावर वाद झाला. तो वाद निरोगी आहे, कारण आकडे सर्वांसमोर होते.

कवट्या मोजणाऱ्यांचा हा एक प्रवाह झाला; दुसरा रुग्णालयातला, आणि खुणांचे खरे वैभव तिथे आहे. ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूवेन यांनी कानाच्या छिद्राच्या वर-मागे एक त्रिकोण दाखवला, ज्यातून आत गेले की कानामागच्या हाडातली पूने भरलेली पोकळी सापडते. मोठ्या माणसात ती पोकळी पृष्ठभागापासून सुमारे दीड सेंटिमीटर खोल असते, नवजात बाळात जेमतेम २ मिलिमीटर. शिवाय बाळाला कानामागचा उंचवटाच नसतो, तो दुसऱ्या वर्षापर्यंत आकार घेतो. त्यामुळे चेहऱ्याची नस कातडीच्या अगदी खाली उघडी असते, आणि मोठ्यांसाठी शिकवलेला छेद बाळावर दिला तर आयुष्यभराचा चेहऱ्याचा लकवा होऊ शकतो. रने ल फोर यांनी १९०१ साली मृतांच्या डोक्यांवर वेगवेगळे आघात करून चेहरा कुठल्या रेषांवर तुटतो हे पाहिले. अपघातानंतर चेहऱ्याची हाडे जुळवणारे सर्जन आजही त्यांच्या तीन रेषांच्या भाषेत बोलतात. १९०७ मध्ये श्लोफर यांनी नाकाच्या मार्गाने जतुकास्थीतून पिट्युटरी ग्रंथी गाठली, आणि कवटीचा तळ हे शस्त्रक्रियेचे दार झाले. १९३१ मध्ये ब्रॉडबेंट यांनी डोके एकाच स्थितीत धरून एक्स-रे काढण्याचे उपकरण दिले. त्यासाठी लागणारी डोक्याची आडवी पातळी, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड जोडणारी, फ्रँकफर्टच्या नावाने १८८० च्या दशकात ठरली होती. ती ठरवली वंश मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी, आणि आज ती दंतचिकित्सेतल्या डोक्याच्या एक्स-रेसाठी वापरली जाते.

या प्रवाहातले सर्वांत सुंदर उदाहरण मला १९५८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेल्या ‘टेन-ट्वेंटी’ पद्धतीत दिसते. मेंदूचा विद्युत आलेख काढताना डोक्यावर तारा कुठे चिकटवायच्या? तंत्रज्ञ नाकाच्या मुळाशी असलेला नॅझिऑन आणि मागचा इनिऑन यांच्यात टेप लावतो आणि त्या अंतराचे १०, २०, २०, २०, २० आणि १० टक्के असे भाग पाडतो. कानापासून कानापर्यंतही तसेच. एकही जागा सेंटिमीटरमध्ये सांगितलेली नाही. शाळकरी मुलगी असो की रुंद डोक्याचा पहिलवान, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचे स्वतःचे प्रमाण वापरले जाते. डोक्यांतला फरक इथे पद्धतीचाच भाग झाला आहे. म्हणून मुंबईत काढलेला आलेख नागपूरचा किंवा टोकियोचा डॉक्टर वाचू शकतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरदार असा की सीटी आणि एमआरआयच्या काळात बोटाने हाड चाचपण्याची गरज उरली कुठे? १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी काढला गेला, आणि त्यानंतर कवटी उघडण्याआधी आत पाहता येऊ लागले, हे खरेच आहे. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेत दिशा दाखवणारी आजची यंत्रे घ्या: पडद्यावरचे चित्र आणि टेबलावरचे डोके यांची गाठ घालायला बहुतेक वेळा त्यांना कातडीवरून लागणाऱ्या खुणाच द्याव्या लागतात. चित्र वाचायलाही कवट्या पाहिलेल्या असाव्या लागतात. कपाळाच्या हाडाच्या मधली शिवण बालपणी मिटते, पण काही माणसांत ती जन्मभर राहते. शिवणींमध्ये सुटी हाडे असतात, त्यांना सतराव्या शतकातल्या ओले वर्म यांचे नाव आहे. हे ठाऊक नसलेला अशा रेषेला फ्रॅक्चर म्हणेल. कानामागे पार्श्विकास्थी, शंखास्थी आणि पश्चकपाल भेटतात त्या ॲस्टेरिऑनच्या खाली डोक्यातल्या मोठ्या शिरेचे वळण येते असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. सर्जनांनी मोजून पाहिले तेव्हा ती खूण कधी शिरेवर, कधी वर, कधी खाली निघाली. स्कॅनने खुणा निकामी केल्या नाहीत, त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी हे तपासण्याचे साधन दिले. आणि ज्या रोगाची तपासणी बोटानेच होते, तिथे कुठले यंत्र नेणार? जुलाबाने मलूल झालेल्या बाळाची टाळू आत गेली आहे का, हे गावातली आशा सेविका तळहाताने पाहते. ती टाळू कुणाची नऊ महिन्यांत भरते, कुणाची दोन वर्षांनी, हे तिला कळायला हवे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. नवख्या विद्यार्थ्याला आधी एक ठाम चित्र द्यावे, फरकांचा पसारा नंतर दाखवावा, नाहीतर तो बुडेल. यात तथ्य आहे आणि हे पुस्तकही नावे शिकवताना एका कवटीपासूनच निघते. पण ‘नंतर’ बहुधा येतच नाही. खालच्या जबड्यातल्या नसेला भूल देण्याचे इंजेक्शन दंतवैद्यकातले रोजचे, आणि अनुभवी हातांतही ते पुष्कळदा चुकते, कारण नस ज्या छिद्रातून जबड्यात शिरते त्याची उंची माणसागणिक वेगळी आणि लहान मुलांत खाली असते. हनुवटीजवळच्या मेंटल छिद्राचे पाहा. दात शाबूत असलेल्या माणसात ते दुसऱ्या उपदाढेच्या खाली, हाडाच्या साधारण मध्यावर असते. दात गेले की वरचे हाड झिजत जाते आणि तेच छिद्र जबड्याच्या वरच्या काठाला येऊन पोहोचते. मग कवळी नेमकी नसेवर दाबली जाते आणि म्हातारी बाई घास चावताना कळवळते. तिची कवळी पुन्हा पुन्हा घासून देणाऱ्याला छिद्र जागा बदलते हे शिकवलेलेच नसते. फरक पहिल्या दिवसापासून चित्राच्या शेजारी हवा, मागच्या परिशिष्टात नको.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. वंश ठरवणारी मापे चुकीची, तर मग न्यायवैद्यक तज्ज्ञ कवटीवरून लिंग, वय, ओळख सांगतात तेही तसलेच नाही का? दोन्हींत मापे आहेत, म्हणून शंका रास्त आहे. पण न्यायवैद्यकाचा प्रश्न एका माणसापुरता असतो आणि त्याचे उत्तर स्वतंत्रपणे तपासता येते. ब्रिटनमधल्या १९३५ च्या रक्स्टन खून प्रकरणात ग्लेस्टर आणि ब्रॅश यांनी सापडलेल्या कवट्यांची छायाचित्रे बेपत्ता स्त्रियांच्या छायाचित्रांवर बसवून पाहिली, तेव्हा जुळणे आणि न जुळणे दोन्ही शक्य होते. भुवयांवरचा उंचवटा, कानामागच्या हाडाचा जाडपणा, हनुवटी यांवरून लिंग सांगताना जाणकार माणूस शक्यता सांगतो, आणि एका प्रदेशातल्या माणसांवरून बांधलेले निकष दुसऱ्या प्रदेशात जसेच्या तसे लावत नाही. शिवणी मिटण्यावरून वय सांगण्याची जुनी पद्धत आता फार सैल मानली जाते, कारण त्या मिटण्याला ठरलेले वेळापत्रक नाही. जिथे चुकीचे प्रमाण उघड सांगितले जाते तिथे मी मोजणीवर विश्वास ठेवीन. ‘ही कवटी अमुक समाजाची, म्हणून अशी बुद्धी’ या विधानात चुकीचे प्रमाण कधीच सांगितलेले नसते.

हे पुस्तक आत्ताच यावे यालाही कारण आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मिळण्याची वाट आखून दिली. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हाडांचे खरे संच वापरले, वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे ते हात बदलत गेले. त्या व्यवहाराची काळी बाजू भयंकर होती. ज्यांनी कधी संमती दिली नव्हती अशा गरीब माणसांची हाडे भारतातून जगभर विकली जात होती, आणि १९८५ साली सरकारने ती निर्यात बंद केली ते योग्यच झाले. आता खरे संच दुर्मीळ होत आहेत आणि त्यांची जागा प्लास्टिकच्या कवट्या व मोबाइलवरची त्रिमितीय चित्रे घेत आहेत. ती स्वच्छ आहेत, स्वस्त आहेत, संमतीचा प्रश्न त्यांत नाही. पण साच्यातून निघालेल्या शंभर कवट्या ही शंभर वेळा पाहिलेली एकच कवटी असते. जुन्या हॉलमध्ये टेबलाटेबलावर वेगळी कवटी असायची आणि फरक कुणी न शिकवता डोळ्यांत भरायचा. तो आता मुद्दाम शिकवावा लागेल.

तेच या पुस्तकाने अंगावर घेतले आहे. प्रत्येक खुणेसोबत ती किती सरकते, कुठल्या वयात नसते, डावी-उजवी किती वेगळी असते आणि तिच्यावर विसंबून कुठले काम करावे, कुठले करू नये, हे इथे एकत्र येते. नावे तीन तऱ्हांनी दिली आहेत: वर्गात बोलतात ती, आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात येतात ती, आणि रुग्णाशी बोलताना लागणारी कानशील, टाळू, गालफड, हनुवटी. परिचारिका, भौतिकोपचार शिकणारे, दंतवैद्यकाचे विद्यार्थी, चित्रकार आणि पोलिस तपासातले लोक या सर्वांना ते वापरता येईल. मेंदूची आणि स्नायूंची रचना इथे फार थोडी आहे, ती अपेक्षा कुणी करू नये. कपालमितीचा इतिहास मात्र वगळलेला नाही, याबद्दल मी लेखकांचा आभारी आहे. खुणांची नावे शिकवून ती कशासाठी दिली गेली हे लपवणे मला अप्रामाणिक वाटले असते.

एक विनंती महाविद्यालयांच्या रचनाशास्त्र विभागांना. तुमच्या कपाटांत अजून जुन्या हाडांचे संच असतील. ते जीर्ण झाले म्हणून विल्हेवाट लावण्यापूर्वी प्रत्येक कवटीची सहा बाजूंनी छायाचित्रे घ्या, टेरिऑन आणि ॲस्टेरिऑन दोन्हीकडे मोजा, सुटी हाडे आणि जादा छिद्रे नोंदवा, वयाचा अंदाज लिहा, आणि ती कवटी कुठून आली याची जी काही नोंद असेल ती जपा. महाराष्ट्रातल्या माणसांच्या कवट्यांतल्या फरकांचा असा खुला संग्रह झाला, तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत परदेशी ग्रंथांतून घेतलेली कितीतरी मापे आपल्या मापांनी बदलता येतील.